ठाण्यातला ज्येष्ठांचा ‘ब्रेन डबा’: डबा घ्या, पुडा सोडा

नौपाड्यातल्या एका स्वयंपाकघरातून रोज दुपारी निघणारा हा डबा चरई, पाचपाखाडी, वर्तकनगर करत थेट घोडबंदर रोडला वाघबीळपर्यंत जातो. जाहिरातीत त्याला ‘साठीनंतरच्या मेंदूसाठी’ असं म्हटलंय. नाव मुद्दाम देत नाही. तसाच मेंदूच्या आहाराचा छापील तक्ता घेऊन ठाण्यात आणखीही डबेवाले फिरताहेत, आणि खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. साधा डबा महिन्याला ४,२०० रुपये, सोमवार ते शनिवार, फक्त दुपारचा. त्यावर अक्रोड, ब्लूबेरी वगैरेंचा ‘मेंदू पुडा’ घेतला तर आणखी १,८०० रुपये. आमचं मत आधीच सांगून टाकतो: डबा पैसे वसूल आहे, पुडा अजिबात नाही. गंमत म्हणजे जाहिरात सगळी पुड्याची.

चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. सगळ्यात मोठ्या कप्प्यात पालेभाजी, ही पहिली चांगली खूण. बाजारातल्या बहुतेक डब्यांत त्या जागी भात असतो आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. इथे शिजवलेली पालेभाजी काट्यावर ११० ते १३० ग्रॅम भरते. उसळ किंवा घट्ट वरण एक वाटी, साधारण १५० ग्रॅम. दोन पातळ भाकऱ्या, बहुतेक ज्वारीच्या, अधूनमधून नाचणीच्या. भाकरी नको असेल तर आदल्या रात्री कळवून तीन फुलके मिळतात. कोशिंबीर, मूठभर भात, आणि वेगळ्या बाटलीत ताक. बटाट्याची भाजी आठवड्यातून एकदाच, तीही पालेभाजीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.

पालेभाज्या फिरत्या आहेत: मुगाची डाळ घालून चवळई, लसणावर परतलेली मेथी, डाळ-पालक, माठ, शेपू, कण्या घातलेली अंबाडी. सहा दिवस, सहा पाले. या डब्याचं खरं बळ ते इथे. पण डब्याबरोबरच्या छापील कार्डावर त्याच्याबद्दल एक ओळ आहे, आणि अक्रोडाबद्दल अर्धं पान.

कार्डाच्या मागे ‘माइंड डाएट’चा तक्ता छापलाय. तो डबेवाल्यांनी मनाने रचलेला नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो मांडला. भूमध्य समुद्राकाठचा आहार आणि रक्तदाबासाठीचा ‘डॅश’ आहार यांतून मेंदूशी जास्त संबंध दिसणाऱ्या गोष्टी त्यांनी निवडल्या. दहा गोष्टी खाण्याच्या, पाच आवरण्याच्या. पालेभाजी आठवड्यातून निदान सहा वेळा, इतर भाजी रोज, अख्खं धान्य दिवसातून तीनदा, कडधान्यं आठवड्यातून तीन-चारदा, सुकामेवा पाचदा, बेरी दोनदा, मासे एकदा, कोंबडी दोनदा, तेल ऑलिव्हचं. आवरायचं ते लोणी, चीज, लाल मांस, तळण आणि गोडधोड. मूळ तक्त्यात रोज एक पेला वाइनही होती. डबेवाल्यांनी ती गाळली हे बरं केलं.

याच तक्त्याखाली ठळक अक्षरांत ‘अल्झायमरचा धोका ५३ टक्के कमी’ असं छापलंय. आकडा खोटा नाही, पण अर्धा आहे. २०१५ च्या त्या अभ्यासात ९२३ वृद्धांवर सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांचं खाणं या तक्त्याच्या सर्वांत जवळ होतं त्यांच्यात अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्के कमी दिसलं. तक्ता बेताने पाळणाऱ्यांतही ३५ टक्के कमी. पण हे नुसतं निरीक्षण होतं. जो माणूस पालेभाजी नेमाने खातो तो बहुधा चालायलाही जातो, गोळ्याही वेळेवर घेतो, शिकलेलाही असतो. यातलं श्रेय नेमकं कुणाला द्यायचं ते निरीक्षणातून पुरतं सुटत नाही. म्हणून पुढे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि रीतसर चाचणी केली. तिचा निकाल २०२३ मध्ये आला: ६०४ माणसं, ६५ ते ८४ वयाची, वजन जास्त, घरात कुणाला तरी स्मृतिभ्रंश झालेला. तीन वर्षांनी माइंड आहाराच्या गटात आणि दुसऱ्या गटात स्मरणशक्तीच्या चाचण्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. दुसरा गटही बेताने खात होता आणि दोन्ही गटांचं वजन साधारण पाच-पाच किलोंनी उतरलं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. तीन वर्षांचा काळ कदाचित अपुरा असेल. पण ५३ टक्के छापायचे तर २०२३ चा निकालही त्याच कार्डावर हवा.

फिनलंडच्या ‘फिंगर’ चाचणीची मांडणी वेगळी होती. ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं सगळं एकत्र दिलं. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा त्या गटाची बुद्धीच्या चाचण्यांतली प्रगती जास्त होती. म्हणजे डबा हा त्यातला एक भाग. डबा खाऊन दुपारभर मालिका बघत बसलं तर कार्डावरचा कुठलाच आकडा आपल्याला लागू होत नाही. घराजवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यापर्यंत रोज चालत जाऊन यावं, त्याला पैसेही पडत नाहीत.

आता पुडा. त्यात रोजच्या हिशोबाने अक्रोडाच्या चार फाका, सुकवलेल्या ब्लूबेरीची छोटी पुडी, अळशीची चटणी आणि एक ‘हळद शॉट’.

अक्रोड वाईट नाही. पण अभ्यासांत जे प्रमाण धरतात ते २८-३० ग्रॅमचं, म्हणजे साधारण चौदा फाका. चार फाका म्हणजे जेमतेम आठ ग्रॅम. आणि निरोगी वृद्धांना दोन वर्षं रोज अक्रोड देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचा निकाल २०२० मध्ये आला, एकूण गटाच्या बुद्धीवर फरक पडला नाही. हृदयासाठी, कोलेस्टेरॉलसाठी जरूर खा. त्यासाठी मूठभर शेंगदाणेही चालतात, आणि ते जांभळी नाक्यावर किलोने मिळतात. दात नसतील तर कूट करून कोशिंबिरीत. खवट वास आला की अख्खी पिशवी टाकायची, भाजून वास मारायचा नाही.

सुकवलेल्या ब्लूबेरीचं वेष्टन उलटून घटक वाचा. या पुडीत दुसऱ्याच क्रमांकावर साखर आहे. ताज्या फळातलं जे जांभळं रंगद्रव्य मेंदूच्या संदर्भात अभ्यासलं गेलं, ते आपल्या जांभळात, करवंदात, काळ्या द्राक्षात असतं. जांभूळ उन्हाळ्याच्या अखेरीस येतं, बदलापूरकडून ठाण्यात टोपल्याच्या टोपल्या उतरतात. जांभळावर परदेशी बेरीइतके अभ्यास नाहीत हे खरं, पण मधुमेही आजोबांना साखरेत घोळलेली ब्लूबेरी देण्यापेक्षा हंगामात वाटीभर जांभळं आणि एरवी पेरू दिला तर निदान नुकसान तरी नाही.

अळशीची चटणी चवीला छान आहे, तीळ आणि सुकं खोबरं घालून केलेली. दोन अडचणी आहेत. एक, तिच्यात अर्ध्याहून जास्त दाणे अख्खेच राहिलेत. अख्खा दाणा नीट चावला गेला नाही तर तसाच बाहेर पडतो. कवळी असलेल्यांच्या बाबतीत तर हमखास. दोन, कुटलेली अळशी लवकर खवट होते, ठाण्याच्या दमट हवेत जास्तच. ही चटणी महिन्याची एकदम देतात, प्लास्टिकच्या पुडीत. घरी करायची तर आठवड्याची करावी, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. आणि अळशीतलं ओमेगा-३ म्हणजे माशातलं ओमेगा-३ नव्हे. मेंदूच्या पेशीत असतं ते डीएचए, म्हणजे माशातलं. अळशीतल्या मेदाचं डीएचए शरीरात होतं, पण अगदीच थोडं.

हळद शॉटबद्दल फार लिहीत नाही. हळदीतलं करक्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि भाजीत हळद आहेच.

या चारही गोष्टींवर महिन्याला १,८०० रुपये जातात, आणि ज्या गोष्टीची आपल्याकडच्या वृद्धांमध्ये खरोखर वाण असते ती या पुड्यात नाही आणि डब्यातही जेमतेम आहे: बी-१२. ते फक्त प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं, म्हणजे दूध, दही, अंडी, मासे, मांस. वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटून येत नाही. वर मधुमेहाची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू असेल, किंवा सकाळची ‘गॅसची गोळी’ बारमाही असेल, तर शोषण आणखी घटतं. विसरभोळेपणा, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, चिडचिड, ही सगळी लक्षणं ‘आता वय झालं’ म्हणून सोडून दिली जातात. रक्त तपासून कमतरता निघाली तर इंजेक्शन किंवा गोळी डॉक्टर ठरवतील. वेळेत सापडलं तर भरून निघण्यासारखी ही गोष्ट आहे, उशीर झाला तर नसांचं नुकसान राहून जातं. पुड्याच्या एका महिन्याच्या पैशांत ही तपासणी होऊन वर अंड्यांचेही पैसे सुटतात. सरसकट सगळ्यांनी मात्र गोळ्या घेऊ नयेत: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात की स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी म्हणून बी किंवा ई जीवनसत्त्व, ओमेगा-३ किंवा मल्टिव्हिटॅमिन देऊ नये. कमतरता भरून काढणं वेगळं, ते करायलाच हवं.

प्रथिनांचंही थोडं कमी पडतं. उसळीत कच्च्या मापाने ३० ग्रॅम कडधान्य धरलं तर सात ग्रॅम प्रथिनं, ६० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांतून सहा, ताक, भात आणि पालेभाजीतून मिळून चार-पाच. बेरीज सतरा-अठरा. ६० किलोच्या ज्येष्ठ माणसाला दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास हवीत, म्हणजे एका जेवणात वीसच्या पुढे. ताकाऐवजी घट्ट दही मागा किंवा घरून एक उकडलेलं अंडं जोडा, काम झालं. एकूण डबा साडेपाचशे कॅलरींच्या आसपास आहे. लठ्ठ माणसाला ठीक. पण सत्तरीनंतर न ठरवता वजन उतरत असेल तर त्याला ‘हलकं खा’ सांगणं चूक. अशा वेळी डब्यातल्या भाकरीवर घरचं तूप घाला आणि चारच्या सुमारास काहीतरी खायला द्या.

मिठाबद्दल तक्रार आहे, आणि ती चवीची नाही. दिवसाला एकूण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, कारण वाढता रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. भाज्या खरंच कमी मिठाच्या आहेत. पण शेजारी पापड आणि लोणच्याची पुडी ठेवतात, मग भाजीत वाचवलेलं मीठ लोणच्यातून वसूल होतं. त्याहून गंभीर म्हणजे स्वयंपाकात ‘लो सोडियम मीठ’ वापरतो असं अभिमानाने छापलंय. या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड धड असलेल्या माणसाला ते चालतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या-हृदयाच्या औषधांतलं काही चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्येष्ठांच्या डब्यात हे सगळ्यांना सरसकट घालणं बरोबर नाही. फोन करून ‘आम्हाला साधं मीठ, पण कमी’ असं सांगितलं तर देतात.

औषधांचा विषय निघालाच आहे तर फॉर्मबद्दल. नोंदणीच्या फॉर्मवर आवडनिवड, उपवासाचे दिवस, कांदा-लसूण, सगळं विचारतात. चालू औषधांचा रकानाच नाही. तो हवाच. रक्त पातळ करायला वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल चालू असेल आणि घरी आजवर पालेभाजी आठवड्यातून एकदा होत असेल, तर एकदम सहा दिवस पाला सुरू केल्याने त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम घटतो. पालेभाजी सोडायची गरज नाही. प्रमाण रोज सारखं ठेवायचं आणि डबा सुरू करताना डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) तपासून घ्यायचं. श्रावण संपला म्हणून डबा अचानक बंद केला तर उलट दिशेने तेच होतं. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर गोळी आणि प्रथिनांचं जेवण यांच्यात अंतर ठेवावं लागतं. साधारण अर्धा-पाऊण तास आधी गोळी. ही औषधं डबेवाल्याला नीट समजावीत अशी अपेक्षा नाही, पण विचारून ‘डॉक्टरांशी बोला’ एवढं तरी म्हणता येतं.

वेळेचं काय? नौपाडा, चरई, पाचपाखाडीला साडेबाराच्या आत डबा दारात असतो. माजिवड्याच्या पुढे भरवसा नाही. घोडबंदर रोडला कोंडी झाली की पावणेदोन होतात, आणि डब्याला उष्णतारोधक पिशवी आहे तरी अन्न कोमट झालेलं असतं. चवीपुरतं असतं तर चालवून घेतलं असतं. पण मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाचं जेवण लांबलं की साखर घसरते: घाम, थरथर, आणि वयस्कर माणसात पुष्कळदा नुसताच गोंधळ, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं विसरण्याचा आजार वाढला. वारंवार साखर घसरणं मेंदूला बाधतं. तेव्हा माजिवड्याच्या पुढे राहणाऱ्यांनी हा डबा फक्त तेव्हा घ्यावा जेव्हा घरात बारा वाजता द्यायला एखादं फळ, दोन बिस्किटं काहीतरी हाताशी असेल. साखरेची दुपारची गोळी जेवण समोर आल्यावरच द्यायची. आणि डबा आल्यावर ‘संध्याकाळी खाईन’ म्हणून ठेवायचा नाही. उकाड्यात उसळ आणि ताक दोन तासांत बिघडायला लागतात.

‘मऊ डबा’ नावाचा पर्याय फुकट आहे, गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी. कल्पना चांगली, करणी कच्ची. भात, वरण, भाजी, सगळं एकत्र मिक्सरमधून फिरवून हिरवट लगदा पाठवतात, आणि तो फिरायला पाणी घालतात. पाणी घातलं की त्याच वाटीत अन्न कमी मावतं, म्हणजे ज्याला आधीच कमी जातं त्याला आणखी कमी मिळतं. चव आणि रंग गेल्यावर स्मृतिभ्रंशाचा रुग्ण समोर काय आहे हेच ओळखत नाही आणि तोंड फिरवतो. भाजी वेगळी, वरण वेगळं, भात वेगळा मऊ करून द्यायला हवा. पातळ करायचं तर वरणाने किंवा दुधाने. गिळण्याच्या त्रासासाठी ‘आयडीडीएसआय’ नावाची आंतरराष्ट्रीय मापं आहेत, ० ते ७. मऊ तुकड्यांच्या पातळीला तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. बारीक केलेल्या पातळीला ४ मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या काट्याच्या दोन दातांमधून जाईल एवढा. कुठली पातळी हवी ते बोलण्या-गिळण्याच्या त्रासाचे तज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) सांगतात. सगळ्यात फसवं असतं ते पाणीदार आणि घट्ट एकत्र: पातळ आमटीत तरंगणारे मटकीचे दाणे, दुधातले पोहे. पाणी आधी घशात उतरतं, दाणा मागे राहतो आणि ठसका लागतो. साध्या डब्यातही माठ आणि चवळईचे देठ लांब राहिलेत, ते कवळीखाली अडकतात. सांगितल्यावर बारीक चिरून येतात, पण दर आठवड्याला आठवण द्यावी लागते. आणि जेवताना पाठ ताठ, पलंगावर रेलून नाही. नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवावं.

पैशांचा व्यवहार स्वच्छ आहे. तीन दिवसांचा चाचणी डबा मिळतो, आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. डबे घासलेले येतात. ताकाची बाटली मात्र प्लास्टिकची आहे, तिच्या झाकणाच्या आट्यांत वास राहतो. स्वतःची स्टीलची बाटली दिली तर तीच भरून पाठवतात.

स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी आहे, म्हणून मासे मिळणार नाहीत. जे खातात त्यांनी डब्याच्या सुट्टीचा रविवार त्यासाठी ठेवावा. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला बांगडा, तारली ताजे मिळतात. पापलेट-सुरमईपेक्षा हे स्वस्त, आणि ओमेगा-३ साठी तेलकट मासाच हवा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अंड्यावर भागवा. रव्यात घोळून तळलात तर माशाचा फायदा तेलात जातो; कालवणच करा. दोन मध्यम बांगड्यांना अर्धी वाटी ओलं खोबरं, तीन-चार सुक्या मिरच्या, हळद वाटून घ्यायची, चार आमसुलं, पाच-सहा तिरफळं बी काढून ठेचून, आणि मीठ सपाट अर्धा चहाचा चमचा, आमसुलात आंबटपणा असल्याने तेवढं पुरतं. रसाला उकळी आल्यावर तुकडे सोडून झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. वाढताना मधला काटा एका बाजूने उचलला की सबंध निघतो. पोटाकडच्या बारीक काट्यांसाठी मासा ताटात बोटांनी पसरून बघायचा, आणि मगच भातात कालवायचा.